एकोणीस उन्हाळ्यांच्या कॅसेटी

नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर मी बावीस वर्षं तिकीट खिडकीत बसले. त्यातली पहिली एकोणीस वर्षं माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे पंपकाका होते. त्यांना नाव होतं, पगाराच्या कागदावर ते दर महिन्याला छापूनही यायचं. पण तलावावर येणाऱ्या पोरांनी त्यांचं 'पंपकाका' करून टाकलं होतं, आणि साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे तेच म्हणायचे. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे, उंच, काटकुळे. खाकी सदऱ्याच्या खिशात लोकांचं पेन असतं, यांचा पेचकस असायचा.

पंपाची खोली तीन पायऱ्या खाली होती. दोन मोटरी, माणसाच्या उंचीचे वाळूचे तीन फिल्टर, ओल्या सिमेंटचा आणि क्लोरीनचा वास, आणि आवाज असा की बोलायचं तर हातवाऱ्यांनीच. त्या आवाजात काका दिवसातून चार वेळा एक तपासणी करायचे. पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. वर येऊन सांगायचे, "दोन नंबरचा खोकतोय." आठवड्याभरात दोन नंबरचा खरंच आजारी पडायचा. साहेब म्हणायचे, या माणसाचे कान सरकारजमा करून घ्यायला हवेत.

मी तिथे लागले तेव्हा चौतीस वर्षांची होते. माझे यजमान नगरपालिकेत करविभागात कारकून होते. हिवाळ्यात आजारी पडले, दोन महिने दवाखान्यात काढले आणि गेले. त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली ती ही, तिकीट खिडकीची. मुलगी सहा वर्षांची. तिला सगळे बबडी म्हणतात, आता तिची स्वतःची मुलगी शाळेत जाते तरी बबडीच म्हणतात. घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून शाळेला सुट्टी लागली की ती माझ्याबरोबर केबिनमध्ये. खिडकीखाली चटई टाकून दिवसभर चित्रं काढायची.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात तलावाची घंटा बिघडली. बॅच पाऊण तासाची. बॅच संपली की घंटा व्हायची आणि पोरं बाहेर यायची. म्हणजे यायला हवीत असा नियम होता. घंटा गेल्यावर शिट्टी वाजवून वाजवून सरांचा घसा बसला. सर म्हणजे पोहायला शिकवणारे, पोट सुटलेले, पाण्यात उतरलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. नवीन घंटेचा अर्ज वर गेला आणि वरच राहिला. पाचव्या दिवशी काका माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाई, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू किती मिनिटांची असते?"

"पंचेचाळीस."

"आणि बॅच?"

"पंचेचाळीस."

"झालं तर मग," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी घरून टेपरेकॉर्डर आणला, सूचना द्यायच्या भोंग्याला जोडला आणि दुपारच्या बॅचला पहिली कॅसेट लावली. फजिती झाली. रेडिओवरून घाईघाईत भरलेली गाणी, मध्येच निवेदकाचा आवाज, एका गाण्यात काकांच्या घरच्या कुकरची शिट्टी. त्या शिट्टीला बॅच संपली समजून निम्मी पोरं बाहेर आली. शेवटचं गाणं तर अर्ध्यातच तुटलं. सर कमरेवर हात ठेवून ओरडले, "अहो पंपवाले, ही बॅच आहे की वरात?"

काका चिडले नाहीत. त्यांनी एक सुट्टी घेतली, ओळखीपाळखीच्या घरांमधून कॅसेटी मागून आणल्या आणि हातातल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर डोळा ठेवून नव्याने कॅसेट भरली. त्यासाठी ते जुन्या तिकिटांच्या पाठीमागे बेरजा करायचे: चार मिनिटं दहा सेकंद, तीन मिनिटं पन्नास सेकंद... पंचेचाळीस मिनिटांत शेवटचं गाणं पूर्ण बसायला हवं, आणि मागे रिकामी फीत खरखरत राहायलाही नको. बेरीज जमेना की जमलेल्यातलं एक गाणं काढून दुसरं घालायचं, मग त्याच्या शेजारच्याशी त्याचं पटत नाही म्हणून तेही काढायचं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, "लग्न जुळवताना इतकं बघितलं नव्हतं यांनी."

ती कॅसेट सगळ्यांना पटली. नवीन घंटा चार महिन्यांनी आली, ती खोक्यातच राहिली.

तेव्हापासून दर उन्हाळ्याची एक कॅसेट. हंगाम सुरू होण्याआधी काका ती भरायचे, मागच्या दोन्ही खिट्या मोडून टाकायचे, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही भरणार नाही, आणि मग तीच कॅसेट दिवसातून सहा बॅचना, पूर्ण उन्हाळाभर. एका बॅचला ए बाजू, पुढच्या बॅचला बी. तुम्ही म्हणाल, वैताग येत नसेल? यायचा तर. उन्हाळा संपता संपता त्या गाण्यांचं नुसतं तोंड वाजलं तरी मावशी झाडू आपटायच्या. पण पुढच्या वर्षी नवी कॅसेट लागली की त्याच म्हणायच्या, "गेल्या सालची बरी होती."

कॅसेटची एक रीत ठरून गेली. पहिली दोन गाणी ठाशीव ठेक्याची, कारण शिकाऊ पोरं काठाला धरून पाय मारायची आणि सरांना आकडे मोजायचा कंटाळा होता. मग पाच-सहा नुसती डुंबायची आणि त्यांच्यामागून एक गाणं उड्यांसाठी. त्यात सुरुवातीला वाद्यं अशी चढत चढत जायची की फळीवर उभं राहिलेलं भित्र्यातलं भित्रं पोरही पुढे सरकायचं. मध्ये दम खायचं गाणं. आणि शेवटी टॉवेलचं. टॉवेलचं गाणं नेहमी संथ. ते लागलं की पोरं आपोआप शिडीकडे वळायची. रडारड नाही, 'आणखी पाच मिनिटं' नाही. गाण्यांना खरी नावं असतील, पण आमच्याकडे कुणी ती वापरायचं नाही. 'उडीचं लागलं का?' 'टॉवेलचं व्हायचंय अजून.'

गाणी निवडायला काकांनी माझ्या खिडकीत बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला होता. झाकणावर लिहिलं होतं: फर्माईश. लोक तिकिटाच्या मागे गाण्याचं नाव लिहून त्यात टाकायचे. हंगाम संपला की काका तो डबा घरी न्यायचे आणि पुढच्या वर्षी नवा आणायचे. घरात इतकी बिस्किटं कोण खातं, हे मी कधी विचारलं नाही.

बबडी त्या भोंग्याखाली मोठी झाली. पहिल्या दोन वर्षांत ती पाण्याकडे बघायचीही नाही. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला विचारवत नव्हतं, कारण उत्तर आलं तर मला झेपलं नसतं. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी काकांनी तिला कॅसेट गुंडाळायला पेन्सिल दिली. टेपने फीत खाल्ली होती. तिची लांबच लांब तपकिरी वेटोळी बाहेर आली होती. बबडीने पेन्सिल चाकात घालून तासभर हळूहळू फिरवत ती सगळी आत घेतली, एकही पीळ पडू दिला नाही. काका म्हणाले, "आता ही कॅसेट तुझी. बॅचला तू लावायची." त्या दिवसापासून ती बटण दाबायला भोंग्याच्या खोलीत जायला लागली, तिथून काठावर, काठावरून पहिल्या पायरीवर. उन्हाळा संपायच्या आत उडीच्या गाण्याला फळीवर उभी होती. मी खिडकी सोडून धावत बघायला गेले. रांगेतल्या लोकांनीही काही म्हटलं नाही, तेही बघायला आले.

एकोणिसाव्या उन्हाळ्यात, सुट्टीचा शेवटचा आठवडा होता, तीनची बॅच चालू होती, आणि एकाएकी पंपाच्या खोलीतून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. लोखंडावर लोखंड घासल्याचा. भोंग्यातल्या गाण्याच्या वर तो ऐकू येत होता. पाण्यातली पोरं थांबली, सर उभे राहिले. मला वाटलं, काका खाली नसणार, जेवायला गेले असणार. मी तशीच धावत पायऱ्या उतरले.

काका खालीच होते. पंपाकडे पाठ करून क्लोरीनच्या नळीला चिमटा लावत उकिडवे बसले होते. चार हातांवर बेअरिंग किंचाळत होतं, धूर यायला लागला होता, आणि हे आपले निवांत. मला बघून हसले आणि म्हणाले, "काय बाई, चहा आला का?"

मी पंपाकडे बोट दाखवलं. त्यांनी वळून बघितलं, पुढे होऊन मोटरीच्या अंगावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. तोपर्यंत मी भिंतीवरचं लाल बटण दाबलं होतं. खोली शांत झाली. ती शांत झाली हेसुद्धा त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

मी त्यांच्यासमोर बसले. सावकाश, ओठ दिसतील असं विचारलं, "कधीपासून?"

"चार वर्षं झाली असतील," ते म्हणाले. हाताची आग होत होती, तो ओल्या फडक्यात धरला होता. "आधी चिमण्या गेल्या. मग फोनची घंटा. मग गाण्यांमधल्या बासऱ्या. ढोल राहिले होते, तेही आता लांब लांब गेले."

"आणि कॅसेटी?"

"ही शेजारी बसायची. मी हिच्या पायाकडे बघायचो. हिचा अंगठा हलला की गाणं घ्यायचं."

मला आठवलं, शेवटच्या तीन-चार कॅसेटींत ठेका फार झालाय म्हणून लोक कुरकुर करायचे आणि आम्ही म्हणायचो, जमाना बदलला.

त्यांच्याच हाताने उघडलेल्या पंपात दुसऱ्या दिवशी दिसलं की आणखी पाच मिनिटं गेली असती तर मोटर जळाली असती. तलाव दोन दिवस बंद राहिला, मग पुन्हा सुरू झाला. साहेब माणूस चांगला. त्यांनी कागद रंगवले नाहीत. काकांना कानांच्या डॉक्टरकडे पाठवलं, इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे हे झालं असं डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि साहेबांनी काकांची बदली फाटकावर केली. पंपाच्या खोलीत नवीन माणूस आला, त्याला पहिल्या दिवसापासून कान झाकायची जाड टोपणं मिळाली. काकांनी स्वतः ती त्याच्या डोक्यावर बसवून बघितली.

पण कॅसेट भरणं त्यांनी थांबवलं. मी खूप सांगून बघितलं. म्हणाले, "बाई, जे मला ऐकू येत नाही ते मी लोकांना कुठल्या तोंडाने ऐकवू?" पुढची तीन वर्षं ते फाटकावर बसले, आल्यागेल्याला हात करत. भोंग्यावर रेडिओ लागायला लागला. पोरांना बाहेर काढायला शिट्टी परत आली. मग काका निवृत्त झाले, त्यांच्या पाठोपाठ मीही नोकरी सोडून बबडीच्या बाळंतपणाला गेले. तलाव पुढे काही वर्षांनी दुरुस्तीसाठी म्हणून रिकामा केला, तो पुन्हा भरलाच नाही.

मी नोकरी सोडल्याला पाचेक वर्षं झाली असतील. एका सकाळी बबडीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते.

"आई, एक विचारू? आत्ता भाजी चिरताना रेडिओवर आपलं उडीचं गाणं लागलं. मी नववीत होते त्या वर्षीचं. ते संपलं आणि माझ्या डोक्यात पुढचं सुरू झालं, पण रेडिओवर भलतंच लागलं. आणि आता ते डोक्यातलं पुढचं गाणं मला पकडताच येत नाहीये. कोणतं होतं गं?"

मीही पकडायला गेले, मलाही येईना. जिभेच्या टोकावर होतं. आम्ही दोघी फोनवर वेड्यासारख्या गुणगुणत बसलो आणि शेवटी हसायला लागलो. मग तिचा आवाज एकदम बदलला. म्हणाली, "मला ना, बाबांचं फार काही आठवत नाही. पण ते उन्हाळे आठवतात. सगळे. क्रमाने. कॅसेटीमुळेच."

मी फोन ठेवला आणि चपला घातल्या. तलावाच्या रखवालदाराला ओळख दिली, त्याने केबिन उघडून दिली. खालच्या खणात एकोणीसच्या एकोणीस कॅसेटी होत्या, आणि एकही धड नव्हती. ओल आणि क्लोरीन यांनी मिळून फितींचा चिकट गोळा केला होता. वरच्या चिठ्ठ्यांवरची शाई उतरून नुसते निळे डाग राहिले होते. मी त्या पिशवीत भरल्या आणि तशीच काकांच्या घरी गेले.

काका आता पूर्ण बहिरे. कानातलं यंत्र त्यांना दिलेलं आहे, पण त्यात सगळं जग भांडी आपटतंय असं ऐकू येतं म्हणून ते कपाटात असतं. घरात पाटीवर लिहून बोलणं चालतं. मी पिशवी पुढे ठेवली आणि पाटीवर लिहिलं: 'बबडी विचारतेय, ती नववीत होती त्या वर्षी उडीच्या गाण्यानंतर कोणतं?'

त्यांनी पाटी वाचली. खराब झालेल्या कॅसेटींकडे ढुंकूनही बघितलं नाही. डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि मोठ्यांदा गायला लागले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने सूर कुठल्या कुठे, पण शब्द चोख. तेच! तेच गाणं! मी टाळी वाजवली. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अहो, किती वर्षांनी गायलात!" त्या म्हणाल्या, आणि मग ते ऐकू गेलं नाही हे लक्षात येऊन तेच पाटीवर लिहिलं.

"त्यानंतर टॉवेलचं होतं," काका म्हणाले, "पण मध्ये नऊ सेकंद रिकामे ठेवले होते. सरांना त्या वर्षी खोकला होता, त्यांना 'शेवटचं गाणं' म्हणून ओरडायला वेळ लागायचा."

 मी पाटी पुसून लिहिलं: 'सगळं आठवतंय?'

"कान गेलेत, बाई. डोकं कुठे गेलंय?"

मग आम्ही बसलोच. आठवड्यातून दोनदा दुपारी मी जायचे. काका डोळे मिटून एकेक गाणं ओढून काढायचे, मी वहीत लिहायचे, काही अडलं की वहिनी त्यांच्या अंगठ्याच्या साक्षीने निकाल द्यायच्या. संध्याकाळी ती यादी मी फोनवरून बबडीला सांगायचे आणि ती एकेक गाणं शोधून क्रमाने लावायची. सेकंदांसह. नऊ सेकंद रिकामे म्हणजे नऊ सेकंद रिकामे. पहिल्या कॅसेटमध्ये तिने गंमत म्हणून स्वतःच्या घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा भरली.

सातव्या वर्षाच्या कॅसेटला मात्र काका अडले. बोटं मांडीवर थांबली. "थांबा," म्हणाले, "त्या साली फर्माइशी फार होत्या. डबा बघू."

वहिनींनी माळ्यावरून डबे काढले. एकोणीस वर्षांचे एकोणीस डबे, प्रत्येकात तिकिटं. काकांनी एकही चिठ्ठी फेकली नव्हती. घेतलेल्या गाण्यावर बरोबरची खूण, न घेतलेल्यावर फुली. फुलीशेजारी बारीक अक्षरात कारण: 'फार मोठं', 'बॅचला झोप येईल', 'साहेबांना चालणार नाही'.

मी सातव्या वर्षाचा डबा चाळत होते. एकच गाणं पुन्हा पुन्हा येत होतं, प्रत्येकावर फुली, आणि शेजारी कारण काही नाही. दुसरा डबा उघडला, त्यातही तेच गाणं, तीच फुली. तिसऱ्यातही. लोकप्रिय गाणं होतं ते, त्या काळात घराघरांत वाजायचं. एक चिठ्ठी सरांच्या अक्षरात होती. एक तर बबडीच्याच. अकरा वर्षांची असताना तिने ते मागितलं होतं. काकांनी घेतलं नाही म्हणून दोन दिवस फुगून बसली होती, ते मला आठवलं. आणि मग मला दुसरं काहीतरी आठवलं.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट, काका ती कॅसेट नव्याने भरत होते तेव्हाची. तेव्हा जो तो खिडकीशी येऊन मला एकच विचारायचा, कसं झालं, किती दिवस आजारी होते. काका आले आणि त्यांनी विचारलं, "बाई, कॅसेट भरतोय. तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?" मी तुटकपणे म्हटलं, "मला आता गाणी आवडत नाहीत."  "बरं," म्हणाले, "मग नावडतं सांगा. ते टाळतो." आणि माझ्या तोंडून गेलं. दवाखान्यात यजमानांच्या शेवटच्या दिवशी बाहेरच्या बाकावर कुणाच्या तरी रेडिओवर जे गाणं लागलं होतं, ते. कारण मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. मी नंतर तो प्रसंग साफ विसरून गेले.

ते विसरले नव्हते. एकोणीस वर्षं ते गाणं आमच्या भोंग्यावर एकदाही वाजलं नव्हतं. लोकांनी मागितलं, सरांनी टोमणे मारले, माझ्या स्वतःच्या मुलीने अबोला धरला, तरी नाही. मी त्या खिडकीत निर्धास्त बसत होते आणि मला माहीतही नव्हतं की निर्धास्त आहे.

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि लाजल्यासारखे हसले.

"तुम्ही एकदा सांगितलं होतं ना," म्हणाले.

मी पाटी घेतली.  आभार म्हणून जो शब्द असतो तो लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. पाटीवर थेंब पडून तो आपोआपच फिसकटला. वहिनी माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या. काकांनी माझ्या हातातून पाटी घेतली, बाहीने स्वच्छ पुसली आणि परत दिली.

"लिहा, बाई," म्हणाले. "बी बाजू राहिलीय."

आम्हाला अडीच महिने लागले. पंधरा कॅसेटी पूर्ण जमल्या, तीन कॅसेटींत एकेक खड्डा राहिला, आणि बाराव्या वर्षीच्या कॅसेटवरून नवरा-बायकोचं इतकं वाजलं की ती आम्ही वादग्रस्त म्हणून बाजूला ठेवली. बबडीने त्या सगळ्या फोनवर ऐकता येतील अशा केल्या आणि तलावावर येणाऱ्या जुन्या मैत्रिणींना पाठवल्या. त्यांनी पुढे पाठवल्या. त्यानंतर निरोप यायला लागले, मी ते पाटीवर उतरवून काकांना दाखवायचे. एक बाई सातासमुद्रापलीकडे राहते. तिने लिहिलं की टॉवेलचं गाणं लागलं आणि तिची बोटं सुरकुतल्यासारखी वाटली. एक बसड्रायव्हर रोज पहिल्या फेरीला ए बाजू लावतो. आमच्या सरांनी, आता ते सत्तरीच्या घरात आहेत, नातवाकडून लिहून घेतलं: 'वरात छान झाली.' आणि एका गृहस्थाने तक्रार केली की चौथ्या वर्षीच्या कॅसेटवर दोन गाण्यांची अदलाबदल झालीय. काकांनी डोळे मिटून बोटांनी तपासलं. गृहस्थांचं बरोबर होतं. सगळ्या निरोपांमध्ये काकांना सर्वांत जास्त आनंद याचा झाला. "बघा," तीनतीनदा म्हणाले, "ऐकत होते लोक."

माझं म्हणाल तर माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. ते गाणं मी नंतर एकदा, दुपारी, एकटीने, मुद्दाम लावून ऐकलं. पूर्ण ऐकलं. चांगलं गाणं आहे. रडू आलं, पण पुरवून पुरवून आलं, बुडायला झालं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन काकांना लिहून सांगितलं. ते म्हणाले, "चार मिनिटं पस्तीस सेकंदांचं आहे. बसवायला अवघडच होतं."

या उन्हाळ्यात बबडीची मुलगी तिच्या गावच्या तलावावर पोहायला शिकणार आहे. बबडी मुद्दाम दोन दिवस माहेरी आली, काकांच्या पुढ्यात बसली आणि पाटीवर लिहिलं: 'काका, हिच्यासाठी नवीन कॅसेट हवी. नवीन गाण्यांची.'

"मी नवीन गाणी ऐकलेलीच नाहीत गं," काका म्हणाले.

'मी सांगते ना,' तिने लिहिलं.

काकांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पाय पुढे करून अंगठा हलवून दाखवला. मग काकांनी चष्मा पुसला, एक जुनं तिकीट उलटं केलं, कानावरची पेन्सिल काढली आणि प्रश्न सुरू केले. सुरुवात कशाने होते, वाद्याने की आवाजाने? बाई गाते की पुरुष? पाय मारता येतील का? मध्ये कुठे थांबतं का? मिनिटं किती, सेकंद किती? बबडी भराभरा लिहीत होती, हातवारे करत होती, एकदा तर उठून नाचून दाखवलं. तिची मुलगी मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

ए बाजू गेल्या गुरुवारी पूर्ण झाली, चव्वेचाळीस मिनिटं बावन्न सेकंद. बी बाजूचं पाचवं गाणं अजून ठरत नाहीये. बबडीला तिथे एक धांगडधिंग्याचं हवंय. काकांचं म्हणणं, पाचव्यापर्यंत पोरं दमलेली असतात, त्यांना जरा पाण्यावर उताणं पडून आभाळ बघू दे.

फोनवर रोज वाद चालतो, माझ्यामार्फत.